आधी पाहुणे, मग घरचे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याऐंशी, धंदा पूर्वी जमीनमोजणी, त्यानंतर राजकारण आणि सध्या काही नाही, माझ्या राहत्या घरी बसून, माझ्याच हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दाखला देताना ते हसले, कारण त्यांच्या दवाखान्याच्या तिसऱ्या पायरीची उंची बाकीच्यांपेक्षा जास्त आहे हे मी आदल्याच आठवड्यात त्यांना पट्टी लावून दाखवले होते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणू शकेल असे माणूस या घरात एकच आहे, माझी सून, आणि तिने आजवर माझ्याकडे काही मागितलेले नाही. हे कौतुक म्हणून लिहिलेले नाही.

गेली बारा वर्षे माझी सगळी पत्रे सूनच लिहिते, कारण माझा हात कापतो. आज मी दार लोटून बसलो तेव्हा ती डोकावून म्हणाली, "बाबा, मी लिहून देऊ का?" मी म्हटले, "नको. हे माझं मलाच लिहायला हवं." तेव्हा अक्षर वेडेवाकडे आहे त्याबद्दल वाचणाऱ्याने राग धरू नये.

यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले मी परकी राजवट असताना तुरुंगात सिगारेटच्या पाकिटावर लिहिले होते. तेव्हा वाटून द्यायला माझ्याकडे एक चष्मा होता आणि त्याचीही एक काडी तुटलेली होती. दुसरे मी मंत्री असताना वकिलांकडून करून घेतले. त्यातली भाषा फार चांगली होती, पण त्यात मी कुठेच नव्हतो.

कलम एक. माझी पुस्तके छापखान्याच्या गल्लीतल्या कामगार वाचनालयाला द्यावीत. मी स्वतः लिहिलेली तीन मात्र देऊ नयेत, वाचनालयात आधीच जागा कमी आहे. त्यांपैकी एका पुस्तकात राष्ट्र म्हणजे काय यावर माझी चाळीस पाने आहेत. ती लिहिताना मला सगळे स्पष्ट दिसत होते. आता विचाराल तर एवढेच सांगेन की ज्यांना आपण कधी पाहिलेले नाही अशा माणसांसाठी आपण थांबायला तयार होतो, तेव्हा राष्ट्र होते. पण थांबायला कोणाला सांगायचे, हे ठरवणारा माणूस स्वतः खुर्चीवर बसलेला असतो. हे त्या चाळीस पानांत आलेले नाही.

कलम दोन. सरकारने दिलेली पदके, शाल आणि मानपत्रे सरकारला परत करावीत. पोच घ्यावी.

कलम तीन. माझे श्रवणयंत्र माझे जुने सहकारी टाळ्यासाहेब यांना द्यावे. हे नाव त्यांना सभागृहात पडले. ते स्वतःच्या भाषणाच्या कागदावर, जिथे टाळ्या पडाव्यात तिथे, 'टाळ्या' असे लिहून आणत आणि एकदा घाईत तेही वाचून गेले. अडतीस वर्षांपूर्वीची तहाची बोलणी त्यांनी राजधानीत बसून, उंटावरून शेळ्या हाकाव्या तशी हाकली. पुढे आत्मचरित्रात तहाची पहिली ओळ आपली असल्याचे लिहिले. ती ओळ अशी: 'दोन्ही बाजूंची माणसे दमली आहेत, हे दोन्ही सरकारांना मान्य आहे.' ही ओळ त्यांची नाही आणि लोक समजतात तशी माझीही नाही. ती पलीकडच्या बाजूच्या दुभाष्याने सुचवली. बारीक, खोकणारा माणूस होता. दोघांचीही भांडणे तोच इकडून तिकडे नेत होता, तेव्हा दमला असेल तर तोच. मी ती ओळ उतरून घेतली आणि त्याचे नाव विचारायचे राहून गेले. टाळ्यासाहेबांवर माझा राग होता तो आता राहिलेला नाही. श्रवणयंत्र अशासाठी की टाळ्या थांबल्या आहेत हे त्यांना नीट ऐकू यावे.

हे वाचून पाहिले. थोडा राग आहे.

कलम चार. नदीवरच्या पुलाला माझे नाव देण्याचा ठराव झाला असून, मी गेल्यावर तो बाहेर काढायचा म्हणून कपाटात ठेवला आहे, असे कळते. त्या पुलाला माझे नाव देऊ नये. तो मी रुंद करवून घेतला हे खरे. त्यावरून आता रोज लोक कामाला जातात, पलीकडच्या मुली अलीकडच्या कॉलेजात येतात, हेही खरे. शांतता म्हणजे काय असे मला कोणी विचारले की मी तो पूल दाखवत असे. प्रगती म्हणजे काय असे विचारले तरी तोच दाखवत असे, काटकसरीचा स्वभाव. पण नाव देऊ नये. कारण कलम आठमध्ये आहे.

कलम पाच. बँकेत जे काही असेल ते त्या तिसऱ्या गाडीतल्या ज्या माणसांचे पुढे काहीच कळले नाही, त्यांच्या घरांना सारखे वाटावे. कोणती तिसरी गाडी, तेही कलम आठमध्ये आहे.

कलम सहा. माझी मोजणीची हत्यारे, म्हणजे साखळी, फळी, तिची तिवई, दोन झेंडे आणि पितळी होकायंत्र, माझ्या नातीला द्यावीत. ती रस्ते बांधते आणि तिच्याकडे यापेक्षा कितीतरी चांगली यंत्रे आहेत. तरी साखळी तिने जपावी. वयाच्या अठराव्या वर्षापासून मी ती ओढली आहे. साखळी ढिली धरली तर शेत मोठे निघते आणि ताणून धरली तर लहान, म्हणून दोन्ही टोकांची माणसे एकमेकांवर विश्वास ठेवणारी लागतात. नातीने लहानपणी मला विचारले होते, "आजोबा, माझे बाबा किती साखळ्या लांब आहेत?" मी नकाशा काढून, मोजून सांगितले होते. तिला तो आकडा अजून पाठ आहे.

कलम सात. घर. वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची सुनेची. मोरीच्या पाण्यावरून खालच्या शिंप्याशी माझा जो दावा चालू आहे तो मी सोडला आहे. चूक माझ्याच पाइपाची होती. माझ्या मुलाचा या घरात अर्धा हिस्सा होता आणि आहे. सात वर्षे बेपत्ता राहिलेल्या माणसाला कायद्याने मृत ठरवता येते. तो अर्ज मी तीनदा सुनेपुढे ठेवला आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, "बाबा, मला सही येत नाही." ती तीस वर्षे टेलिफोन खात्यात होती, रोज शंभर सह्या करत असे. तेव्हा मुलाचा हिस्सा त्याच्याच नावाने राहावा.

इथवर लिहून झाल्यावर मी पान उलटून पाहिले. वाचनालय, सरकार, टाळ्यासाहेब, पूल, परक्यांची घरे, आणि घरच्यांची पाळी शेवटी. मुद्दाम केले नाही. हाताला सवय आहे. आमच्या घरात माझ्या आईचा नियम होता, आधी पाहुणे, मग घरचे. घरात चार माणसे उपाशी असली तरी पाहुण्याचे पान आधी. हा नियम मी घरातून उचलला आणि थेट मंत्रालयात नेला. बोलण्यांच्या दिवसांतही गाड्यांचे चालक जेवल्याशिवाय मी जेवत नसे. वर्तमानपत्रांनी त्याचा फोटो छापला होता. फोटोत मी उपाशी आणि प्रसन्न दिसतो.

कलम आठ. पत्र्याच्या पेटीतला कागद सुनेला द्यावा. पेटीची किल्ली हरवली होती ती गेल्या महिन्यात कुलूपवाल्याने नवी करून दिली. आत काय आहे हे त्याला माहीत नाही.

तो कागद म्हणजे तहाला जोडलेली कैद्यांची यादी आहे. आमची नव्वद माणसे त्यांच्याकडे होती. त्यांना तीन ट्रकांतून, तीस-तीस करून, यादीच्या क्रमाने पुलावरून सोडायचे ठरले होते. क्रम पकडले गेल्याच्या तारखेचा. माझा मुलगा सैनिक नव्हता. तो टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडत असे आणि तारा जोडतानाच पकडला गेला. यादीत त्याचे नाव सतरावे होते.

बोलणी चालू असताना एका वर्तमानपत्राने लिहिले होते, आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. साहेब तह करताहेत की मुलाला सोडवताहेत? ते मला फार लागले. ज्या दिवशी यादी पक्की करायची होती त्या दुपारी मी पेन्सिल घेतली, सतरावे नाव खोडले आणि तेच नाव तळाशी, नव्वदावे म्हणून लिहिले. खाडाखोडीवर सही करायची असते, हे मोजणीत पहिल्या दिवशी शिकवतात. मी सही केली नाही. टंकलेखकाने नवी प्रत काढली. जुनी मी खिशात घातली.

मला कोणी भाग पाडले नव्हते. आपण फार मोठे काही करत आहोत असे मला वाटले. मनात एक कोपरा असाही होता की हे कधीतरी कोणाच्या तरी ध्यानात येईल आणि लोक म्हणतील, माणूस असावा तर असा. तीन ट्रक एकाच सकाळी येणार होते. मुलगा तासाभराने उशिरा येईल, एवढीच माझी समजूत होती.

दोन ट्रक आले. तिसरा पुलाच्या मध्यावर असताना कुठून तरी एक गोळी सुटली. कोणी झाडली ते आजवर कळलेले नाही. ती कोणाला लागलीही नाही. पण तिसरा ट्रक मागे फिरला आणि पुन्हा आला नाही. त्यातली अकरा माणसे पुढे सुटली, काहींच्या मरणाची खबर आली, आणि बाकीच्यांची 'नोंद आढळत नाही' असे उत्तर येते. माझा मुलगा या बाकीच्यांत आहे. तह मात्र टिकला. त्यानंतर त्या नदीवर गोळी सुटलेली नाही. देशाचे भले झाले हे मी आजही शपथेवर सांगेन, आणि माझ्या घराचे मी काय केले हेही त्याच शपथेवर सांगतो.

पुलावरून मला जो फोन आला तो सुनेनेच जोडून दिला. त्या दिवशी एक्स्चेंजवर तिची पाळी होती. संध्याकाळी ती नातीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ते तिसऱ्या गाडीत होते का?"

मी म्हणालो, "हो. यादीचा क्रमच तसा होता."

ती म्हणाली, "मग कोणाचा काय इलाज."

आठ महिन्यांनी मुलाचे तिला एकच पत्र आले. त्यात होते, इथे सगळे म्हणतात तारखेप्रमाणे माझा नंबर आधी लागायला हवा होता, बाबांना विचार. तिने विचारले. मी म्हणालो, "युद्धात कागद इकडचे तिकडे होतात." तिने ते पत्र घडी करून ठेवले आणि मला पुन्हा कधी विचारले नाही.

आता कुलूपवाल्याबद्दल. एक नाव वरून खाली गेले की मधली सगळी एकेक पायरी वर सरकतात. एकसष्टावा होता तो साठावा झाला आणि दुसऱ्या ट्रकात शेवटचा चढला. तो हाच. तहामुळे सुटलो म्हणून तो दर वर्षी त्या तारखेला येतो, घरातल्या सगळ्या कुलपांना तेलपाणी करून देतो आणि काही घेत नाही. दर वर्षी म्हणतो, "साहेब, नशीब बघा, गाडीतली शेवटची जागा." मी दर वर्षी मान हलवतो. त्याने जगावे याचे मला कधीच वाईट वाटलेले नाही. त्याला तीन मुली आहेत. या मृत्युपत्रात त्याला काही ठेवलेले नाही, कारण त्याला मी साक्षीदार करणार आहे आणि साक्षीदाराला काही मिळता कामा नये असा कायदा आहे. साक्षीदाराला आतला मजकूर वाचावा लागत नाही, असाही कायदा आहे.

(येथील एक ओळ खोडली आहे.)

पुरवणी. वरील मजकूर सोमवारी लिहून झाला. मंगळवारी सकाळी माझ्या लक्षात आले की हे असेच ठेवले तर वकिलाला आधी कळेल, मग सरकारला, मग टाळ्यासाहेबांना, आणि सुनेला मी गेल्यावर, सगळ्यांच्या मागून. म्हणजे पुन्हा तेच. दुपारी ती ओटा पुसत होती तेव्हा मी तिला हाक मारली आणि हे कागद तिच्या हातात दिले.

तिने उभ्यानेच वाचले. शेवटच्या पानावर आल्यावर म्हणाली, "यादी कुठाय?"

मी दिली. नावांपुढे आकडे छापलेले आहेत, तरी तिने बोट ठेवत एकेक नाव मोजले.

"सतरावे. म्हणजे पहिल्याच गाडीत."

"हो."

"पेन्सिल तुमची?"

"माझीच."

तिने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत आले, बाबा. क्रमच तसा होता म्हणून. आईंना तेवढंच सांगून मी शांत केलं. त्या जाताना माझा हात धरून तेच म्हणत होत्या, क्रमच तसा होता गं."

आई म्हणजे माझी पत्नी. हे न कळताच ती गेली. मला रडू येत होते.

सून स्वयंपाकघरात गेली. जेवणाची वेळ झाली होती. तिने एक ताट घेतले, वाढून घेतले आणि माझ्यासमोर टेबलाशी बसून जेवू लागली. माझे ताट मांडलेले नव्हते. लग्न होऊन आल्यापासून ती आमच्या सगळ्यांच्या मागून, आत, एकटी जेवते. मी तिला जेवताना कधी पाहिलेच नव्हते. ती घास फार लहान घेते. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

तिचे झाल्यावर तिने हात धुतले आणि माझे पान वाढले. अन्न निवले होते. तिने ते गरम केले नाही आणि मी करायला सांगितले नाही. ती रोज असेच निवलेले जेवत आली आहे, हे मला त्या पहिल्या घासाला कळले.

आज बुधवारी सकाळी तिने कागद परत आणून दिले. कलम आठमधल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे काढा."

ती ओळ अशी होती: 'सुनेने मला माफ करावे आणि ही माझी अखेरची इच्छा समजून पाळावी.'

मी म्हणालो, "तेवढं तरी राहू दे."

"माफी तुमची आहे का, बाबा? मग तुमच्या मृत्युपत्रात ती कशी आली? द्यायची का नाही ते माझं मी बघेन. तुम्ही असताना का नंतर, तेही मीच बघेन."

मी ओळ खोडली. ती पुढे म्हणाली, "आणि कुलूपवाल्या भाऊंना न वाचता सही करायला लावू नका. त्यांना वाचू दे."

"त्याला सोसेल का?"

"आपल्याला सोसतंय ना."

कुलूपवाला दुपारी डॉक्टरांबरोबर आला. गळ्यातल्या दोरीला किल्ल्यांचा जुडगा होताच. त्याला वाचायला वेळ लागतो, ओठ हलवत वाचतो. ओठ हलायचे थांबले तेव्हा तो कुठल्या ओळीवर आला आहे हे मला कळले. त्याने संपूर्ण वाचले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो सुनेकडे वळला आणि म्हणाला, "ताई, मी सही करू का?"

ती म्हणाली, "करा, भाऊ. तुम्ही काय केलंय."

सही झाल्यावर तो उठला आणि त्याने सवयीने दाराचे कुलूप एकदा उघडून, लावून पाहिले. मग सुनेला म्हणाला, "पुढच्या वर्षी येतो, ताई."

खाडाखोडीवर सुनेची सही लागत नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्यांचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे. तरी मी तिच्यापुढे लेखणी धरली, आणि या वेळी ती सही येत नाही असे म्हणाली नाही.

हे मृत्युपत्र मी वाचले, वाचून दाखवले, आणि ज्यांचे त्यात काही गेले आहे त्यांनी माझ्यादेखत वाचले. यातला शब्दन् शब्द माझा आहे, फक्त तहाची ओळ सोडून.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघराचे टेबल.
दिनांक: आज बुधवार. पूल मोकळा झाला त्याला अडतीस वर्षे, चार महिने, अकरा दिवस.

खाडाखोड एक, कलम आठ, शेवटची ओळ. कबूल.
सही: सून
सही: लिहून ठेवणार, तिचा सासरा

साक्षीदार:
१. दवाखान्याचे डॉक्टर (सही)
२. कुलूपवाला, यादीत मुळात एकसष्टावा (सही)